देवळातली वही

(एकादशीच्या भजनानंतर देवळाच्या सभामंडपात, प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



भजन झाले. आरती झाली. आता खिचडीचा प्रसाद वाटायचा आहे. भुकेल्या माणसापुढे लांबण लावू नये, हे आम्ही शाळेतच शिकलो. मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला कोणते पोर फळ्याकडे बघते? तरी थोडे ऐका. आज आम्ही शहाणपण सांगायला उभे नाही. आमच्या हातून एक चूक झाली, ती सांगायला उभे आहोत.

तो पखवाज बघा. आज तो नव्या मुलाने वाजवला. चांगला वाजवला. पण वीस-पंचवीस वर्षे तो पखवाज ज्यांच्यापुढे असे, ते आमचे बुवा आज खांबाला टेकून बसले आहेत. आम्ही त्यांना विचारूनच बोलतो आहोत. ते म्हणाले, "गुरुजी, खुशाल सांगा. माझं झालं ते झालं, दुसऱ्याचं वाचू द्या."

बुवांना रक्तदाब होता. एका तपासणीत कळले. डॉक्टरांनी गोळी दिली. दोन महिने त्यांनी ती घेतली. मग सोडली. का सोडली? तर अंगात काही दुखत नव्हते. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला? असा त्यांचा हिशेब.

दोन वर्षांमागची गोष्ट. कार्तिक महिना. पहाटे काकड्याला सगळे जमलो होतो. बुवा पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावत होते. हातातली कणीक खाली पडली. ती उचलायला गेले, तर हात उचलेना. तोंड एका बाजूला वाकडे झाले. जीभ जड झाली. कुणी म्हणाले, वारे लागले. कुणी म्हणाले, आधी अंगारा लावा. कुणी हाताला तेल चोळले. मग त्यांना घरी नेऊन निजवले. दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार टळली. जीव वाचला. पण डावा हात गेला, तो गेलाच.

आता आमची चूक. बुवांनी गोळी सोडली, हे आम्हांला माहीत होते. पारावर बसून त्यांनीच सांगितले होते. आम्ही हसलो आणि दुसरे बोलू लागलो. शाळेत आम्ही वर्षानुवर्षे आरोग्याचा धडा शिकवला, पण शेजारी बसलेल्या मित्राला "गोळी सोडू नका" एवढे तीन शब्द बोललो नाही. आणि त्या पहाटे तेलाची वाटी आणून दिली, ती कुणी? आम्हीच.

तेव्हापासून एक विचार डोक्यात घोळतो आहे. आपल्याकडे काय कमी होते? डॉक्टर होते. दवाखाना होता. चाकणपासून पिंपरीपर्यंत दवाखान्यांना आज तोटा नाही. कमी होते ते विचारणारे माणूस. महिन्यातून दोनदा एकादशीला आपण इथे मांडीला मांडी लावून बसतो. एकमेकांची मुले, शेते, कर्ज, लग्ने, सगळे विचारतो. फक्त "तुमचा रक्तदाब किती?" हे विचारत नाही. ते विचारायला आजपासून सुरुवात करायची आहे.

कुणी म्हणेल, गुरुजी, देवळात भजन करावे. दवाखान्याचे काम दवाखान्यात. त्यांना दोन गोष्टी सांगतो. एक घरची, एक परमुलखातली.

घरची गोष्ट गाडगेबाबांची. त्यांचा जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. १९५६ साली ते गेले. बाबा गावात आले की आधी हातात खराटा घेत. दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. कीर्तनात नुसता देव सांगत नसत. दारू सोडा, कर्ज काढून सण करू नका, गाव स्वच्छ ठेवा, मुलांना शाळेत घाला, हे सांगत. लोक ऐकत. का ऐकत? कारण आधी त्यांनी गटार साफ केलेले असे. बाबांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, तशी रुग्णांच्या नातेवाइकांचीही सोय केली. देऊळ आणि दवाखाना यांत त्यांना भांडण दिसले नाही.

आपली वारीच घ्या. ज्येष्ठ वद्यात देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून माउलींची पालखी निघते. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्काम करते. एके काळी पंढरीच्या यात्रेत पटकीची साथ यायची आणि माणसे पटापट मरायची. पुढे पटकीची लस टोचून घेऊन यात्रेला जावे लागे. आमचे आजोबा सांगत, दंड सुजायचा, तरी माणसे टोचून घ्यायची आणि विठोबाचे नाव घेत पुढे चालायची. आता पालख्यांबरोबर डॉक्टर असतात, रुग्णवाहिका असतात, फिरती शौचालये असतात. त्यामुळे वारी बाटली का? उलट वारकरी सुखरूप घरी येऊ लागला.

आता परमुलखातली गोष्ट. अमेरिकेत आफ्रिकेतून माणसे धरून आणून त्यांना गुलाम केले होते. १८६५ साली कायद्याने गुलामी संपली. अपमान मात्र संपला नाही. देवाच्या दारातही गोरे वेगळे आणि काळे वेगळे. चोखोबांना देवळाबाहेर का राहावे लागले, हे आपल्याला माहीत आहे. तसेच ते. फिलाडेल्फिया शहरात रिचर्ड अॅलन आणि अॅब्सलोम जोन्स असे दोन काळे धर्मोपदेशक होते. अपमान झाला म्हणून ते आपल्या माणसांसह गोऱ्यांच्या चर्चमधून बाहेर पडले. पुढे त्यांनी आपल्या लोकांची चर्च उभारली.

१७९३ साली त्या शहरात पीतज्वराची साथ आली. सुमारे ५,००० माणसे मेली. ज्यांना पळता आले ते पळाले. तेव्हा या दोघांनी आपली माणसे गोळा केली आणि घरोघर जाऊन रोग्यांची सेवा केली, मेलेल्यांना माती दिली. ज्यांनी अपमान केला होता, त्यांचीही सेवा केली. या माणसांना हा ताप होत नाही, असे तिथले मोठे डॉक्टर म्हणत होते. ते खोटे ठरले. सेवा करणारेही मेले.

पुढे १९१५ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी तिथे काळ्या लोकांसाठी आरोग्य सप्ताह सुरू केला. हे गृहस्थ गुलामीत जन्मले होते, आणि मोठेपणी टस्कीगी गावच्या प्रसिद्ध शाळेचे प्रमुख झाले. आपल्याकडे हरिनाम सप्ताह असतो, तसा त्यांचा आरोग्याचा सप्ताह. घर झाडायचे, विहीर साफ करायची, माश्या हटवायच्या, आणि रविवारी चर्चमध्ये त्यावर प्रवचन. तीस वर्षांहून अधिक काळ हा सप्ताह चालला.

आता अलीकडचे ऐका. त्या लोकांमध्ये रक्तदाबाचा विकार फार. म्हणून न्यूयॉर्क शहरात काळ्या लोकांच्या ३२ चर्चमध्ये एक प्रयोग झाला. रक्तदाब असलेली ३७३ माणसे त्यात होती. काही चर्चमध्ये तज्ज्ञ मंडळींनी येऊन आरोग्यावर व्याख्याने दिली. काही चर्चमध्ये मात्र तिथल्याच साध्या माणसांना शिकवून तयार केले, आणि त्यांनी दर आठवड्याला आपल्या लोकांचे वर्ग घेतले. मीठ किती, चालणे किती, गोळी घेतली का, असे. सहा महिन्यांनी मोजले. ज्या ठिकाणी आपल्यातल्या माणसाने वर्ग घेतला, तिथे रक्तदाबाचा वरचा आकडा दुसऱ्यांपेक्षा सुमारे ६ अंकांनी जास्त उतरला. २०१८ साली हे छापून आले.

म्हणजे काय? आमच्यासारख्याच्या लांबलचक भाषणापेक्षा शेजारच्या मावशीने दर आठवड्याला विचारलेला एक प्रश्न जास्त कामाचा. मास्तर असून आम्ही हे कबूल करतो.

पण मंडळी, विश्वास ही दुधारी वस्तू आहे. त्याच अमेरिकेत, त्याच टस्कीगी भागात, १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे एक वाईट प्रकार चालला. सरकारच्या आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब काळ्या माणसांना अभ्यासासाठी जमवले. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश हा गुप्तरोग होता. "तुमचे रक्त बिघडले आहे, आम्ही उपचार करतो," असे त्यांना सांगितले. खरे म्हणजे उपचार होतच नव्हता. रोग वाढत कसा जातो, ते नुसते बघत होते. पेनिसिलिन निघाले, त्याने हा रोग बरा होतो हे कळले, तरी त्यांना ते दिले नाही. आपल्या पिंपरीला सरकारने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला, तो गरिबाला हेच पेनिसिलिन मिळावे म्हणून. आणि तिकडे औषध असून माणसांना मरू दिले! ही माणसे जमवली कशी? गावातल्या चर्चवर आणि शाळेवर लोकांचा विश्वास होता, त्याच विश्वासाचा उपयोग करून.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. उद्या आपल्या देवळातही कुणी येईल. म्हणेल, ही पावडर घ्या, रक्तदाब मुळासकट जातो. हा पट्टा बांधा, साखर उतरते. दोन माणसे आणा, तुम्हांला कमिशन देतो. त्याला नमस्कार करा आणि दार दाखवा. देवळात काही विकायचे नाही. देवळात गोळी द्यायची नाही, कुणाची गोळी बदलायची नाही, आपली गोळी दुसऱ्याला द्यायची नाही. देवळात फक्त तीन कामे. मोजायचे, लिहायचे, आणि दवाखान्यात धाडायचे.

आता रक्तदाब म्हणजे काय, ते साध्या भाषेत. शेतात मोटारीचे पाणी पाइपातून जाते. दाब जास्त झाला की पाइप एकदम फुटत नाही. आधी आतून झिजतो. मग एक दिवस फुटतो. आपल्या रक्तवाहिन्यांचे तसेच. झिजताना दुखत नाही. म्हणून बुवांना काही कळले नाही. मेंदूतली वाहिनी फुटली किंवा तुंबली की लकवा. हृदयातली तुंबली की झटका. मूत्रपिंडेही याच दाबाने हळूहळू निकामी होतात.

यंत्रावर दोन आकडे येतात. वरचा आकडा हृदय आवळते तेव्हाचा. खालचा आकडा हृदय सैल पडते तेव्हाचा. १२०/८० च्या खाली असला तर उत्तम. वरचा १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त, असे वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा आले, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. एकदाच वाढलेला दिसला म्हणून घाबरू नका. घाईने चालत आलात, तरी तो वाढतो. आणि १८०/१२० च्या वर गेला तर? पाच मिनिटे बसवून पुन्हा मोजा. तरीही तसाच असला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यातच छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा हात-पाय लुळा पडत असेल, तर क्षणभरही थांबू नका.

मोजायची रीत आहे. आधी पाच मिनिटे गप्प बसायचे. त्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, मिश्री नाही. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला ठेवलेला. पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलायचे नाही. आमच्या भगिनी हसतात! पाच मिनिटे गप्प बसणे अवघड आहे खरे. पण देवाच्या दारी जमेल.

आता मिठाचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळे मिळून. आपण काय करतो? भाकरीत मीठ, भाजीत मीठ, ठेच्यात मीठ, वर लोणचे आणि पापड. पोरे पाळी सुटली की वडापाव, त्याबरोबर मीठ लावलेली मिरची. उपवासाला सैंधव चालते म्हणून कुणी सढळ हाताने घालतात. सैंधव देवाला चालत असेल, पण रक्तदाबाला ते मीठच. आजच्या खिचडीत मीठ निम्मे घातले आहे. चव लागली नाही तर आम्हांला बोला, आचाऱ्याला बोलू नका.

उपवासाला गोळी सोडायची का? नाही. रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेता येते, आणि पाण्याने आपला उपवास मोडत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेणाऱ्यांनी मात्र उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. उपाशीपोटी साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो. भजनाने मन शांत होते, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे. पण भजन गोळीच्या जागी नाही. भजनही करा, गोळीही घ्या.

आणि एक गोष्ट पाठ करा, पाढ्यासारखी. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, यांपैकी एक जरी एकाएकी झाले, तरी तो लकवा समजा. तेल नको, अंगारा नको, निजवणे नको, तोंडात पाणी घालणे नको. १०८ क्रमांकाला फोन करा. सरकारची रुग्णवाहिका आहे, पैसे पडत नाहीत. गाठ अडकून आलेल्या लकव्याला ती विरघळवणारे इंजेक्शन असते. पण ते साडेचार तासांच्या आतच देतात. म्हणून सुरुवात किती वाजता झाली, ते घड्याळात बघून ठेवा. डॉक्टर तेच आधी विचारतात. त्या पहाटे हे आम्हांला माहीत असते, तर कदाचित आज पखवाज बुवांनी वाजवला असता. कदाचित. पण ते कदाचित आम्हांला झोपू देत नाही.

आता वहीकडे येतो. देवळाच्या समितीने दक्षिणेच्या पेटीतून दंडाला बांधायचे एक यंत्र घेतले आहे. उपकेंद्राच्या नर्सताईंनी आणि आशाताईंनी साक्षरता वर्गातल्या चार भगिनींना मोजायला शिकवले आहे. वर्षापूर्वी या भगिनी बसची पाटी दुसऱ्याला विचारत. आज त्या १४० वाचतात, ९० लिहितात, आणि कोणता आकडा जास्त ते सांगतात. अक्षर शिकून काय करायचे, असे विचारत होतात ना? हे करायचे.

दर एकादशीला भजनाआधी मोजणी. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने बसायचे. प्रत्येकाला आपले एक छोटे पुस्तक मिळेल. त्यात तारीख, आकडा, आणि गोळी चालू आहे का, एवढेच. मोठी वही कुलपात राहील. एकाचा आकडा दुसऱ्याला सांगायचा नाही. पारावर त्याची चर्चा करायची नाही. ज्याचा आकडा जास्त, त्याला पुढच्या आठवड्यात एक जण घरी जाऊन विचारील, "दवाखान्यात गेलात का?" बस, एवढेच. आपले उपकेंद्र आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणवते. नावातच मंदिर आहे. या मंदिरातून त्या मंदिरात माणूस पोचला पाहिजे.

जी मुले बीड, लातूर, नांदेडहून, बिहारहून इथे कारखान्यात आली आहेत, खोलीत चौघे-पाच जण राहतात, आज दिवसपाळी, उद्या रातपाळी, त्यांना इथे विचारणारे घरचे कुणी नाही. त्यांनाही बोलवा. भजन येत नसले तरी चालेल. आणि आपल्या गावात विहार आहे, मशीद आहे, पिंपरीकडे चर्चही आहेत. त्यांनीही आपापल्या ठिकाणी अशी वही घालावी. यंत्र लागले तर आपले नेऊन द्यावे. रक्तदाब जात विचारत नाही.

आता शेवटचे. आज भजनाआधी मावशींनी आमचाच दंड पहिला धरला. आम्हांला वाटले, आमचे ठीकच असणार. आम्ही रोज चालतो, तंबाखू खात नाही. आकडा आला १५२/९४. आम्ही म्हटले, "मावशी, जिना चढून आलो, उगाच लिहू नका." मावशी म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हीच शिकवलं. जे दिसतं ते लिहायचं." पाच मिनिटे बसवले, पुन्हा मोजले. १५०/९२. त्यांनी लिहिले. चुकीच्या जागी अनुस्वार नाही, आकडा खोडलेला नाही. छत्तीस वर्षांत इतका चांगला विद्यार्थी आम्हांला मिळाला नाही.

उद्या सकाळी आम्ही उपकेंद्रात जाणार. बुवा म्हणाले आहेत, मी बरोबर येतो. म्हणजे आम्ही जे त्यांना विचारले नाही, ते त्यांनी आम्हांला विचारले.

चला, प्रसाद घ्या. ज्यांचे मोजायचे राहिले आहे, त्यांनी खिचडीआधी मावशींसमोर बसावे. पाच मिनिटे गप्प.